झाकणाचे मग

मुलीचा लातूरहून फोन आला. "आई, आपला तो जुना रेडिओ आहे का गं अजून? आणि ती हिरव्या रेक्झिनची खुर्ची?"

"रेडिओ माळ्यावर आहे. खुर्ची गच्चीत पडलीय. तुला कशाला पाहिजे?"

"काहीच टाकू नकोस. आम्ही कॅफे काढून राहिलो ना, त्याला सगळा रेट्रो लुक द्यायचाय. पन्नास-साठ सालचा."

"त्या सालात काय होतं बघण्यासारखं?"

ती हसली. म्हणाली, "तुला नाही कळायचं."

मला चांगलंच कळत होतं. मी त्याच सामानात वाढले. नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांत वडिलांनी हौसेनं घेतलेलं सगळं होतं. तिरक्या पायांच्या खुर्च्या, आंब्याच्या कोयीच्या आकाराचा टीपॉय, भिंतीवर गुबगुबीत गालांच्या बाळाचं कॅलेंडर. लोकांना आता ते गोड वाटतं. मला आठवतं ते वेगळंच. मे महिन्यात रेक्झिनला पोटऱ्या चिकटायच्या आणि उठताना कातडी सोलल्यासारखा आवाज यायचा. वेताच्या खुर्चीच्या एकेका भोकात ढेकणांची वस्ती असायची. रविवारी आई खुर्ची उन्हात उलटी करून त्यावर उकळतं पाणी ओतायची आणि आम्ही भावंडं खाली पडलेले ढेकूण काडीनं मोजायचो. रेडिओ तापला की पोट ऊबदार व्हायचं त्याचं, म्हणून झुरळं तिथं अंडी घालायची. बातम्या लागल्या की जाळीच्या कापडामागून मिशा हलायच्या. प्लास्टिकची फुलं वर्षातून एकदा, दिवाळीला धुवायची. बादलीतलं पाणी गटारासारखं काळं व्हायचं.

तर असला तो काळ. त्याचं कौतुक माझ्या लेकीला आणि जावयांना. जावई पुण्याला एका कंपनीत होते, ती नोकरी सोडून लातूरला आले. माणूस वाईट नाही. मला "मम्मी" म्हणतात, आल्या-गेल्या वाकून नमस्कार करतात. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट विकता येईल असं वाटतं. एका रविवारी ते टेम्पो घेऊन नांदेडला आले. रेडिओ नेला, खुर्ची नेली, कोयीचा टीपॉय नेला. स्वयंपाकघरातली विजेची काळी गोल बटणं नेली, त्यांच्या जागी नवी पांढरी बसवून दिली. मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या बाजूला जुन्या सामानाची भंगाराची दुकानं आहेत, तिथंही दिवसभर फिरले आणि दोन पोती भरून आणली. पोत्यात काय आहे ते मी विचारलं नाही. मला बरंच वाटलं होतं, माळा मोकळा झाला म्हणून.

मी नर्स होते. चौतीस वर्षं नोकरी केली. आमचे हे गेल्यापासून नांदेडला एकटीच राहते.

उद्घाटनाला एसटीनं लातूरला गेले. क्लासेसच्या गल्लीतच कॅफे आहे. आजूबाजूला डॉक्टर व्हायला आलेली सगळ्या मराठवाड्यातली पोरं, खोल्या, खानावळी, झेरॉक्सची दुकानं. त्या गर्दीत हा पिस्ता आणि गुलाबी रंगाचा खोका. भिंतीवर एक बाई रंगवलेली, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून काजळाच्या शेपट्या काढलेल्या, डोक्यावर घागर पालथी घातल्यासारखा अंबाडा. लग्नातल्या लाउडस्पीकरचे भोंगे उलटे टांगून त्यांत दिवे. न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची, तिच्यावर बसून फोटो काढायचे. स्टेशनवर असायचं तसलं लाल-हिरव्या दिव्यांचं वजनाचं यंत्र. आमचा रेडिओ मधोमध एका स्टुलावर. जवळ गेले तर आतून मोठ्यानं आवाज येत होता. जावयांनी अभिमानानं मागची फळी काढून दाखवली. आतलं सगळं उपसून टाकलेलं आणि एक छोटा चिनी स्पीकर ठेवलेला.

"मम्मी, बॉडी ओरिजिनल हाय. फक्त मधलं काढलं."

मासळी साफ करून ठेवतात तसा तो दिसत होता. मी "छान" म्हणाले. जावयाच्या दुकानाच्या पहिल्या दिवशी दुसरं काय म्हणणार?

दुपारी क्लास सुटले आणि पोरं आत घुसली. मला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. मुलीनं बटाट्याचे तळलेले काप आणून ठेवले. खाली वाकडी पसरट पांढरी थाळी, कडेला निळी रेघ. मूत्रपिंडाच्या आकाराची. आम्ही तिला किडनी ट्रे म्हणतो. पेशंटला उलटी आली की हनुवटीखाली धरतात ती. ड्रेसिंग करताना पू भरलेला कापूस टाकतात ती. मनाला म्हटलं, नव्या विकत आणल्या असतील, आजकाल काय वाट्टेल त्यात वाढतात. मी एकही काप उचलला नाही.

मग कोल्ड कॉफी आली. पांढऱ्या एनॅमलचा मग. कडेला तीच निळी रेघ. वर बिजागरीचं झाकण, झाकणाला अंगठ्यानं दाबायची छोटी पट्टी. झाकणाला भोक पाडून त्यातून कागदाची नळी काढलेली.

मी मग हातात घेऊन वर धरला आणि तळ बघितला. लाल ऑइलपेंटनं आकडा लिहिलेला होता. निम्मा उडाला होता, तरी वाचता येत होता. आमच्याकडे कॉटचा नंबर असाच तळाला लिहायचे.

तो थुंकीचा मग होता. क्षयाच्या पेशंटनं बेडका टाकायचा मग.

तो अमक्याच वॉर्डातला होता असं मी शपथेवर सांगणार नाही. असले मग सगळीकडे असायचे. पण मी बावीस वर्षांची असताना माझी पहिली ड्युटी नांदेडच्या एका दवाखान्यात क्षयाच्या बायकांच्या वॉर्डात लागली होती आणि तिथे प्रत्येक कॉटशेजारी हाच मग होता. सकाळी सात वाजता माझं काम एकच. कॉटमागून कॉट जायचं, अंगठ्यानं झाकण उघडायचं आणि आत बघायचं. किती पडलंय, पातळ की घट्ट, पिवळं की हिरवं, रक्त आहे का, नुसती रेघ की गुठळी. बघून चार्टवर लिहायचं. मागून वॉर्डातली मावशी, आमची आया, यायची आणि तो मग फिनेलच्या पिंपात रिकामा करायची. तो वास गोडसर असतो. पहिले पंधरा दिवस मी सकाळचा चहासुद्धा घेऊ शकत नव्हते. मोठ्या सिस्टरनं एकदा मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "तोंड सरळ ठेवायला शीक. तू मगात बघतेस, पेशंट तुझ्याकडं बघतो."

मला ते जमलं नाही.

खिडकीजवळच्या कॉटवर एक बाई होती. इस्लापूरकडची, आमचं मूळ गावही त्याच बाजूचं. वयानं माझ्याएवढीच असेल. तीन वर्षांची मुलगी घरी ठेवून आली होती, वॉर्डात लेकराला येऊ देत नसत. मला बघितलं की म्हणायची, "बाई, तुमी आमच्याकडच्याच की हो. बोलण्यावरून कळतंय." तिला लई बोलावंसं वाटायचं. मी उभ्या उभ्या दोन शब्द बोलून पुढं जायचे.

एका सकाळी मी तिच्या मगाचं झाकण उघडलं आणि आत बघून मला कोरडी ओकारी आली. मी तोंड फिरवून खिडकीच्या गजाला धरलं. मागून ती हळू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. घाण हाय ती."

दुसऱ्या दिवसापासून तिचा मग जवळजवळ रिकामा असायचा. तळाला जरासं पांढरं, पातळ. रक्त नाही. मी चार्टवर लिहिलं, "कमी. रक्त नाही." तिसऱ्या दिवशीही तेच, आठव्या दिवशीही तेच. मला आनंद झाला. खरं सांगायचं तर ती बरी होतेय याचा थोडा, आणि त्या मगात बघावं लागत नाही याचा जास्त. तिचा ताप उतरला होता. ती रोज डॉक्टरांना घरी सोडा म्हणत होती. डॉक्टरांनी माझा चार्ट बघितला आणि बाकीची इंजेक्शनं गावाकडच्या दवाखान्यात घ्यायला सांगून तिला सोडलं.

वीस-बावीस दिवसांनी तिला परत आणलं. एसटीतच रक्ताची गुळणी झाली होती. नवऱ्याचा सदरा लालभडक. तिसऱ्या दिवशी ती गेली.

कॉटवरची गादी गुंडाळताना मावशीनं मला सांगितलं. "पहाटेच उठायची बिचारी. मोरीत जाऊन मग धुऊन ठेवायची. मी म्हणलं, कशाला करती, तर म्हणली, त्या बाईला किळस येती, ती आपल्याकडची हाय."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तुमालाच बरं वाटत होतं की."

मी डॉक्टरांना सांगितलं नाही, मोठ्या सिस्टरला नाही, पुढं नवऱ्यालाही नाही. तोंड सरळ ठेवायला मात्र शिकले. नंतरच्या नोकरीत कसलीही जखम, कसलाही वास असो, माझ्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. लोक म्हणायचे, सिस्टरचं मन लई घट्ट. त्यांना म्हणू दिलं.

आणि आता लातूरला माझ्यासमोर त्याच मगात कॉफी, वर चॉकलेटचा भुगा.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. मुलगी धावत मागून आली. "आई, काय झालं? बीपी वाढलं का?"

मी तिला सांगितलं. आधी तो मग कशाचा ते, आणि नंतर त्या बाईचं सगळं. चाळीस वर्षांहून जास्त काळ पोटात ठेवलेलं, कॅफेच्या पायऱ्यांवर, मोटारसायकलींच्या हॉर्नमध्ये सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. पहिल्यांदा ती हसायला गेली, घाबरल्यावर माणूस हसतं तसं, मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"मला खरंच माहीत नव्हतं गं. हे म्हणाले, जुन्या हॉटेलातले आहेत."

तेवढ्यात जावई बाहेर आले. मुलीनं त्यांना विचारलं. ते जरासे ओशाळले, पण फार नाही.

"दवाखान्यातले हायत हे भंगारवाल्यानं सांगितलं होतं मला. पण मम्मी, सोडा टाकून तीनदा उकळून घेतलेत. एक जंतू राहिला नसंल."

"जंतू मेलेत हे मलापण कळतं," मी म्हणाले. "नर्स होते मी."

"मग झालं तर! तीच तर गंमत हाय ना. असं कुणाकडंच न्हाई."

आतली एक मुलगी दारापाशी आली होती, गळ्यात क्लासचं ओळखपत्र. तिनं ऐकलं असावं. माझ्याकडे येऊन म्हणाली, "आजी, खरंच हॉस्पिटलचे आहेत? थुंकायचे?" मी हो म्हणाले. मला वाटलं, आता ही हातातला मग खाली ठेवेल. ती आत वळून ओरडली, "अरे, हे टीबीचे मग आहेत!" आणि सगळं टेबल "ईईई" करून हसलं. एकानं मग तोंडापाशी धरून खोकल्याचं सोंग केलं. बाकीच्यांनी त्याचा व्हिडिओ काढला. ही पोरं डॉक्टर होणार आहेत. मी जावयांच्या घरी पाणीसुद्धा न घेता संध्याकाळची एसटी धरून परत आले. बसमध्ये उदगीरची एक बाई शेजारी बसली होती. तिनं पुरी-भाजीचा डबा पुढं केला. मी नको म्हणाले. तिला वाटलं असेल, मला तिच्या हातचं चालत नाही.

मुलीनं फोनवर सांगितलं, ते मग काढून ठेवलेत. मी म्हटलं, बरं झालं. तीन आठवडे गेले. त्यानंतर माझ्या भावजयीनं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला, खाली हसरे चेहरे. "तुमच्या जावयाचं हॉटेल फेमस झालं की!" मेनूकार्डाचा फोटो होता. 'वॉर्ड स्पेशल कोल्ड कॉफी.' खाली तिरक्या अक्षरांत लिहिलेलं, 'नांदेडच्या क्षय वॉर्डातले अस्सल मग. आमच्या सासूबाई तिथे नर्स होत्या. यात एका तरुण आईची अधुरी कहाणीही दडली आहे. वेटरला विचारा.'

वेटरला विचारा.

मी ते वाचून मोरीत गेले आणि खरोखर ओकले. वॉर्डात एकदाही ओकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लातूर गाठलं. कॅफे नुकता उघडला होता, चार-पाच टेबलं भरली होती. मुलगी गल्ल्याजवळ होती. मला बघून तिनं मान खाली घातली.

"तू सांगितलंस त्यांना?"

"रात्री मी रडत होते, म्हणून विचारलं त्यांनी. मला वाटलं, ऐकून त्यांना वाईट वाटेल. वाटलंही. त्यांनी ते चांगल्या मनानंच छापलं गं."

"मला पोतं दे."

"आई, लोक बसलेत..."

"पोतं दे म्हणाले ना."

तिनं आत जाऊन बटाट्याचं रिकामं पोतं आणून दिलं. मी टेबलाटेबलानं गेले. ज्या मगात कॉफी होती ती बेसिनमध्ये ओतली. एक मुलगा म्हणाला, "ओ आजी, अर्धी राहिली होती." फळीवरचे घेतले, मोरीतले उष्टे घेतले. किडनी ट्रेपण घेतले. सगळे मिळून अकरा मग निघाले. प्रत्येकाचं झाकण मिटताना वॉर्डातला तोच टक् असा आवाज.

जावई मागच्या दारानं आले. गिऱ्हाइकांसमोर सासूला काय बोलणार? कानाशी येऊन म्हणाले, "मम्मी, असं नका करू. लोक त्याच्यासाठीच यायलेत. तुमचं नावसुद्धा टाकलं न्हाई मी."

"तिचं टाकायचं होतं," मी म्हणाले. "कहाणी तिची हाय ना? नाव माहीतय का तुम्हाला तिचं?"

ते गिऱ्हाइकांकडं बघायला लागले. खरं म्हणजे मला त्यांना नुसतं टोचून बोलायचं होतं, कारण तिचं नाव मी मुलीलाही सांगितलेलं नव्हतं आणि सांगणारही नव्हते. त्यांच्यावर जेवढी चीड आली होती तेवढीच मला माझी किळस येत होती. त्यांनी कार्डावर छापलं. आणि मी? पायऱ्यांवर बसून, सांगून मोकळी झाले होते. विकायचा माल मीच तर पुरवला होता.

पोतं फार जड नव्हतं, पण खडखड वाजत होतं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय भांडीकुंडी?" मी हो म्हणाले. नांदेडला घरी येऊन अंगणात पोतं उपडं केलं, पाट्यावरचा वरवंटा आणला आणि बसले फोडत. एनॅमल लवकर फुटत नाही. पहिल्या घावाला नुसता चरा पडतो, मग पांढरे टवके उडतात आणि आतला काळा पत्रा दिसतो. आधी बिजागऱ्या तोडल्या. मग तळ ठोकून आत घातला, म्हणजे कुणी त्यात फुलंसुद्धा ठेवू नयेत. पाचव्या मगाला मनगट दुखायला लागलं.

मुलगी दुपारी आली. माझ्या मागच्याच गाडीनं निघाली असणार. दारात उभी राहून थोडा वेळ बघत होती.

"भांडून आलीस का?"

"नाही. म्हणाले, जा, त्यांच्याजवळ बस." मग जराशानं, "नवीन मग मागवून राहिलेत ते. कारखान्यातून. मुद्दाम गंज चढल्यासारखे डाग छापून मिळतात म्हणे."

"डाग छापून?"

"हं."

मी वरवंटा पुन्हा उचलला. ती चप्पल काढून माझ्यासमोर बसली, घरातून खलबत्त्यातला बत्ता आणला आणि एक मग पुढं ओढला. आम्ही दोघी ठोकत बसलो. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, काय चाललंय, तर मुलगीच म्हणाली, "जुनी भांडी आहेत काकू." शेवटी तिनं विचारलं, "त्या बाईची मुलगी कुठं असेल गं?"

"माहीत नाही."

"कधी शोधलं नाहीस?"

"नाही."

तिनं पुढं विचारलं नाही. एवढं तरी तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत भंगाराचा गाडा आला. मी पोतं पुढं केलं. त्यानं आतला एक चेपलेला मग काढून उलटसुलट करून बघितला.

"मावशी, हे का चेचले? चांगले असते तर लातूरचे लोक हुडकत येतात."

"म्हणूनच चेचले. नेतो का न्हाई?"

"नेतो की," म्हणत त्यानं पोतं गाड्यावर फेकलं आणि पुढं गेला. मुलगी सकाळीच लातूरला निघून गेली होती. मी अंगण दोनदा झाडलं, वर पाणी मारलं. तरी संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला अनवाणी गेले तेव्हा एक पांढरी कपची टाचेत घुसलीच. चिमट्यानं काढली, आयोडीन लावलं आणि रक्त थांबेपर्यंत ओट्यावर बसून राहिले.